दाढीवाल्याचा उजवा खांदा

नकल्याच्या दुकानात सोफा दुरुस्तीला टाकला, की तो परत येईपर्यंत घरच्या माणसांना जमिनीवर बसायची सवय होऊन जाते. काम चोख. शिवण अशी की बोट फिरवले तरी सापडू नये. वेळेच्या नावाने मात्र शंख. त्याला कारण एकच. त्या दुकानात येणारा प्रत्येक सोफा आधी कुस्ती हरतो आणि मग दुरुस्त होतो.

समजा, तुम्ही "झालं का आमचं काम?" म्हणून विचारायला गेलात. नकल्या तोंडात धरलेले खिळे काढून डबीत टाकील आणि म्हणेल, "होतंय हो, बसा. ती बूट निसटला होता ती लढत ठाऊक आहे का?" ठाऊक असली तरी नाही म्हणावे. हो म्हणालात तर तो तुम्हालाच प्रतिस्पर्धी म्हणून उभे करतो. नाही म्हणालात तर तुमच्या सोफ्यावर भागते. मग तो हलक्या वजनाचा परदेशी पैलवान होतो, एक चप्पल भिरकावून देतो, थांबवायला धावणारा पंचही स्वतःच होतो, आणि पंच पोचायच्या आत अनवाणी पायाने तुमचा तीन जणांचा सोफा कमरेवर घेऊन आदळतो. त्यानंतर दोन महावजनी म्हाताऱ्यांची लढत. कपाळाला कपाळ लावून दोघे शेवटपर्यंत उभे, कुणीच कुणाला हलवू शकले नाही, आणि संपल्यावर हरलेला जिंकलेल्याचा हात सोडीना. ही दोन्ही कपाळे नकल्या एकटाच टेकवतो. कशी, ते विचारू नका. पाहताना ती दोन दिसतात एवढे खरे. रडण्याचे कामही दोघांच्या वतीने तोच उरकतो. तुम्ही डोळे पुसत घरी येता आणि बायको विचारते, "सोफ्याचं काय झालं?"

फ्रीस्टाइल कुस्तीतल्या जगभरच्या गाजलेल्या लढती या माणसाला अशा पाठ आहेत. डोक्यात नाही, अंगात. स्वतः मात्र त्याने सांगण्यासारखे काही जिंकलेले नाही. ऐन उमेदीत एक लोखंडी पलंग जिन्यावरून उतरवताना तो पलंगासकट खाली आला. पलंगाला काही झाले नाही. याचा उजवा खांदा मोडला आणि जुळला तो जरा तिरका. लढायचे दिवस संपले. पण आमच्या सरावाच्या हॉलमधले वस्ताद मोठे धोरणी. त्यांनी पाहिले होते, की हे पोर कुणाचीही चाल एकदा बघते आणि दुसऱ्या दिवशी तसे चालते. ते म्हणाले, "तू लढू नकोस. तू समोरचा माणूस हो."

तेव्हापासून गादीवर त्याचा हुद्दा तोच. समोरचा माणूस.

वस्तादांचे एक तत्त्व होते. पडद्यावर बघून डोळे शहाणे होतात, अंग नाही. त्यामुळे आमच्या हॉलमधल्या कुठल्याही पैलवानाला त्याच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत बघायची बंदी होती. फीत बघायची ती एकट्या नकल्याने. ती त्याने गिळायची, पचवायची आणि मग तो परका माणूस होऊन गादीवर यायचे. आमचे पैलवान शत्रूला ओळखायचे ते नकल्याच्या अंगावरून. जगात दुसरीकडे कुठे अशी पद्धत असेल असे वाटत नाही, आणि पुढे जे झाले ते बघता नसलेलीच बरी.

हा अवतार फक्त हॉलपुरता ठेवणे त्याला जमत नसे. घरीसुद्धा तो तोच असायचा.

"आज जेवायला कोण येणार आहे तेवढं सांगून जात जा," बायको म्हणायची. "मागच्या महिन्यातला तो डावखुरा होता, त्याने अर्धी भाजी मांडीवर सांडली."

"सराव होतो गं."

"मग धुण्याचाही होऊ दे. बादली तिथे आहे."

नकल्याच्या या सगळ्या अवतारांत थोरला अवतार म्हणजे दाढीवाला. हा कुठल्याशा दूरच्या डोंगराळ देशातला पैलवान, कित्येक वर्षे कुणाकडून हरला नव्हता. त्याचा एकेरी पट जगात गाजलेला. समोरचा माणूस श्वास घेतो न घेतो तोच दाढीवाला खाली झुकायचा, आणि श्वास सोडेपर्यंत त्या माणसाचा एक पाय दाढीवाल्याच्या मिठीत असायचा. या दाढीवाल्याला हरवील असा एकच माणूस दिसत होता, आणि तो आमच्या हॉलमध्ये होता.

त्याला आम्ही खांब म्हणायचो. सहा फुटी, गंभीर, बोलणे मोजके, आणि हलवायला गेलात तर हलवणाऱ्याचीच कंबर धरायची. नकल्याचा तो जिवलग मित्र, आणि पुढे धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न झाले ते जागतिक स्पर्धेच्या तयारीच्या दिवसांत. त्या लग्नाच्या फोटोत नवरीचा भाऊ नवरदेवाकडे असा रोखून बघतो आहे, की पाहणाऱ्याला वाटावे हे लग्न त्याला मुळीच मंजूर नव्हते. मंजूर होते. तो त्या दिवसांत दाढीवाला होता, एवढेच. दाढी छातीपर्यंत आली होती. नव्या नवरीने भावाला सांगितले होते, "दादा, आजचा दिवस तरी आमच्या बाजूने उभा राहा ना." तो म्हणाला, "तुझ्याच बाजूने आहे. म्हणून तर नवऱ्याला रोज पाडतोय."

आणि खरेच रोज पाडायचा. मग हळूहळू पाडणे कमी झाले. मग खांब त्याला पाडू लागला. दाढीवाला झुकला रे झुकला, की खांबाचा डावा हात पुढे जायचा, त्याच्या उजव्या बगलेत शिरायचा, आणि तो जगज्जेता पाठीवर. वस्ताद टाळ्या वाजवत नसत, पण त्या दिवसांत ते गुणगुणू लागले होते.

अंतिम लढत दाढीवाल्याशीच झाली. नकल्या वस्तादांच्या मागच्या खुर्चीवर बसला होता, स्वतःची दाढी मुठीत धरून. खांब एका गुणाने पुढे होता. वेळ संपतच आलेली. फक्त उभे राहायचे होते, आणि उभे राहणे हेच तर त्याचे नाव. दाढीवाला झुकला. त्या झुकण्याला एक साधे उत्तर असते, नवशिक्यालाही येते: पाय मागे फेकायचे आणि सगळा भार त्याच्या पाठीवर टाकायचा. खांबाने पाय मागे फेकले नाहीत. त्याचा डावा हात पुढे गेला आणि हवेतच राहिला. उघडा. कुणी त्यात काही ठेवणार असल्यासारखा. तेवढ्यात पाय गेला, खांब खाली आला, दाढीवाल्याला दोन गुण मिळाले आणि घंटा झाली.

समालोचक ओरडत होता, "गोठला! भीतीने गोठला!"

ती लढत अजरामर झाली. उत्कृष्ट लढतींच्या प्रत्येक संग्रहात ती आहे. कुठे कुठे म्हणे प्रशिक्षणाच्या वर्गात दाखवतात, भीती माणसाचे काय करते ते शिकवायला. लढत अजरामर झाली आणि तिच्यातला हरलेला माणूस रोज थोडा थोडा मरू लागला. गावात आल्यावर कुणीतरी बोललेच, "खांबच तो. उभा राहिला." वाक्य विनोदी होते. लोक हसले. कुणी कुणी हसले त्यांची नावे आज विचाराल तर एकही माणूस सापडायचा नाही.

खांबाने गादी सोडली आणि टायरचे दुकान टाकले. पंक्चर काढायचे, हवा भरायची, चाके बदलायची. हॉलचा रस्ता टाळण्यासाठी तो घरी वळसा घालून जायचा. वस्ताद जाईपर्यंत एवढेच म्हणत राहिले, "होतं असं." आणि नकल्या दर आठवड्याला टायरच्या दुकानात जाऊन, उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून, चहा पिऊन, मित्राच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचा, "अरे, भीती कुणाला नसते?"

खांब मान डोलवायचा. यापलीकडे दोघांत त्या विषयावर कधी बोलणे झाले नाही.

अशा घरात मुलगी जन्मली ती बापाची उंची आणि आईची जीभ घेऊन. आई पोस्टाच्या खिडकीवर बसते. तिच्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस अजून गावात व्हायचा आहे. मुलगी लहानपणी मामाला दुकानात सोफे पाडताना बघत बघत हॉलमध्ये कधी गेली आणि लढायला कधी लागली, ते खांबाला कुणी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. दारातली तिची ओली पिशवी तो ओलांडून जायचा. चालले होते. पण ती गावात जिंकली, राज्यात जिंकली, देशात जिंकली आणि परदेशी जाणाऱ्या संघात तिची निवड झाली. आता पिशवी ओलांडून भागणार नव्हते.

खांब म्हणाला, "नाही."

मुलगी सज्ञान, कुणाची सही लागत नव्हती. पण ती म्हणाली, "बाबा नाही म्हणाले तर मी जाणार नाही. सगळं जग बघत असताना ते घरात तोंड फिरवून बसलेत, हे डोक्यात घेऊन मला लढता येणार नाही."

बापाचे उत्तर त्याच्या मानाने लांबलचक होते. "माझ्यात ते आहे, तुझ्यातही असेल. स्वतःचा हात स्वतःचं ऐकत नाही, ते काय असतं तुला ठाऊक नाही. सगळ्यांसमोर. मला ठाऊक आहे. तुझ्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी बहीण पोस्टातून सुटून थेट भावाच्या दुकानात आली आणि एका उसवलेल्या आरामखुर्चीवर पर्स आपटून बसली.

"दादा, तो तुझं ऐकतो. बोल त्याच्याशी."

"काय बोलू?"

"ते मला विचारतोस? जगातल्या सगळ्या पैलवानांच्या वतीने बोलतोस, एकदा स्वतःच्या वतीने बोल की!"

"सांगतोच की मी त्याला. भीती कुणाला..."

"ते सोडून काहीतरी!" बहीण म्हणाली. "ते ऐकून आला ना, की तो दोन दिवस जेवत नाही."

हे नकल्याला नवीन होते. त्याने खिळे परत तोंडात घेतले. तोंडात खिळे असले की माणसाला उत्तर द्यावे लागत नाही.

संघ निघायला थोडे दिवस उरले होते. जाणे ठरो न ठरो, भाचीचा सराव चालू होता, आणि तिचा समोरचा माणूस अर्थात मामा. यावेळची प्रतिस्पर्धी होती एक घट्ट वेणीवाली, ठेंगणी, खाली बसून पट काढणारी मुलगी. नकल्याने चित्रफिती गिळल्या. दाढी वाढवता येते, पण वेणी आणणार कुठून? डोक्यावर टक्कल. त्याने सोफ्याच्या कडेला लावतात ती जाड दोरी टोपीला टाचली आणि पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला हा माणूस विशीतल्या ठेंगण्या पोरीच्या डौलात गादीवर आला. हॉलमध्ये कुणी हसले नाही. पट काढायला तो झुकला तेव्हा टोपीखाली खरोखर ती वेणीवालीच होती.

भाचीने तिचा पट मोडला. पुन्हा मोडला. मध्येच तिचा हात पुढे यायचा आणि ती तो ओढून मागे घ्यायची.

"हात का मागे घेतेस?" नकल्या म्हणाला.

"असंच."

"असंच काय? घालायचा तर घाल."

"घातला तर दर वेळी तूच पडशील, मामा. मग सराव कसला?" ती टॉवेलने मान पुसत म्हणाली. "तुझा उजवा खांदा. पट काढताना तो मागे राहतो. अगदी एवढासा. बगलेत फट पडते. तू वेणीवाली हो नाहीतर कुणी हो, खांदा तुझाच असतो. मी तो मोजत नाही, सोडून देते."

ती हे सहज बोलली. बाकीच्या पोरींबरोबरही ती रोज लढायची, म्हणून तिला फरक कळला होता. नकल्या मात्र गादीच्या मधोमध उभा राहिला.

"आता मी तो डावखुरा होतो. बघ."

तो डावखुरा झाला. झुकला. भाची म्हणाली, "आहे."

तो बूटवाला झाला. "आहे."

मग त्याने टोपी काढली, दोरीसकट बाजूला ठेवली, तोंड किंचित उघडे टाकून श्वास घेतला, मान खाली घातली आणि अनेक वर्षांनी दाढीवाला झाला. भाची क्षणभर मागे सरली. हा माणूस तिने बापाच्या लढतीत पाहिला होता. नकल्या झुकला. तिचा डावा हात त्याच्या उजव्या बगलेत शिरला आणि तो उताणा पडला.

"मामा, लागलं?"

"नाही."

"मग उठ ना."

तो उठला नाही. वर छताला पंखे फिरत होते आणि तो त्यांच्याकडे बघत पडून होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि फोनवर ती अजरामर लढत लावली. पाहिली नव्हती असे नाही. शेकडो वेळा पाहिली असेल. पण दर वेळी त्याने पाहिले ते खांबाकडे. त्या उघड्या हाताकडे, त्या चेहऱ्याकडे. दाढीवाल्याकडे कशाला बघायचे? दाढीवाला तर तो स्वतःच होता, आणि स्वतःकडे कोण बघतो?

आज त्याने अंगठा ठेवून खांबाला झाकले आणि एकट्या दाढीवाल्याकडे बघितले.

दाढीवाला झुकला तेव्हा त्याचा उजवा खांदा पुढे होता. दंड बरगडीला चिकटलेला. फट नव्हती. त्या बगलेत कागदसुद्धा शिरला नसता.

वस्तादांच्या तत्त्वाप्रमाणे खांब दाढीवाल्याला लढतीआधी कधीच भेटला नव्हता. तो भेटला होता नकल्याला. महिनोन्महिने, शेकडो वेळा, तिरक्या जुळलेल्या एका खांद्याला. फट डोळ्याला दिसेल एवढी नव्हती, पण हाताला कळेल एवढी होती. हात शिकला. आणि ऐन वेळी तो जिथे शिरायला गेला तिथे शिरायला जागाच नव्हती. म्हणून तो हवेत राहिला. त्या हाताला कसली भीती वाटली नव्हती. त्याला जे शिकवले होते ते तो करत होता.

नकल्याने हे बायकोला सांगितले. सांगताना एकाच माणसासारखा बोलत होता, स्वतःसारखा. ते ऐकूनच तिने हातातले काम ठेवले.

"मग जाऊन सांगा त्याला."

"तो माझं तोंड बघणार नाही पुन्हा."

"नाही बघणार कदाचित. इतकी वर्षं तो स्वतःचं बघत नाहीये, त्याचं काय?"

"सगळं गाव म्हणेल, नकल्याची नक्कल खोटी होती."

"होतीच ना," बायको म्हणाली, पण अगदी हळू. मग तिने चहा टाकला.

सुट्टीच्या दिवशी तो टायरच्या दुकानात गेला. बहीण डबा घेऊन आली होती, भाची बापाला नट आवळून देत होती. नकल्या नेहमीच्या टायरवर बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळे सांगून टाकले. खांदा, फट, हात. खांब चाक फिरवत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "झालं?"

"अरे, खरं सांगतोय मी."

"माझ्यासाठी लोकांनी पुष्कळ कारणं शोधली. पंच चुकला. गादी ओली होती. पोट बिघडलं होतं. आता तुझा खांदा. तू चांगला माणूस आहेस, नकल्या. घरी जा."

"मी कारण नाही शोधत. तुझी शपथ."

"माझी कशाला? माझं आहे काय घ्यायला?"

बहीण तोंड उघडणार होती. नकल्याने हात करून तिला थांबवले, आणि कोपऱ्यातल्या जुन्या ट्यूब आणि खोक्यांचे पुठ्ठे ओढून जमिनीवर पसरायला लागला. टायरच्या दुकानाचा हा एक फायदा. पडायची सोय हवी तेवढी.

"काय करतोस?"

"एकदा उभा राहा. एकदाच. मग पुन्हा विषय काढणार नाही, मेलो तरी."

खांब उभा राहिला तो बहुधा ही कटकट संपावी म्हणून. हात ग्रीजने काळे, अंगावर निळा डगला. नकल्याने तोंड किंचित उघडे टाकले, मान खाली घातली. खांबाचा चेहरा पांढरा पडला. दाढी नव्हती, तरी समोर तोच होता. दाढीवाला झुकला, आणि खांबाचा डावा हात, ज्याने इतकी वर्षे फक्त नट आवळायचे पाने फिरवले होते, पुढे गेला, बगलेत शिरला आणि नकल्या पुठ्ठ्यांवर उताणा पडला.

"आई गं," नकल्या म्हणाला. मग पडल्या पडल्याच भाचीकडे बघून, "आता तू."

भाचीने हातातला पाना खाली ठेवला. तिने मामाच्याच पद्धतीने दाढीवाला उभा केला. घराण्याची कला होती. फक्त खांदा धड होता. ती झुकली.

बापाचा डावा हात पुढे गेला आणि हवेतच राहिला. उघडा. पोरीने पाय धरला होता, पण ओढला नाही. ती तशीच गुडघ्यावर, बापाचा पाय मिठीत धरून थांबली.

खांब आपल्या हाताकडे बघत होता. भर दुपार. स्वतःचे दुकान. समोर पोटची पोर. घाबरायला तिथे काही नव्हते. आणि हात तोच, तिथेच, तसाच.

दारात एक सायकलवाला येऊन उभा राहिला. "हवा भरायची होती."

"थांबा जरा!" बहीण अशी ओरडली की तो दोन पावले मागे गेला. आवाज तिचा रोजचाच होता, पण त्यात पाणी होते.

खांबाने हात खाली घेतला. मुलीच्या डोक्यावर ठेवला, मग ग्रीज आठवून उचलला. सायकलवाल्याला जवळ बोलावले, दोन्ही चाकांत हवा भरली, दाबून बघितली. तो गेल्यावर नळावर हात धुतले. बराच वेळ धुतले.

"मी भ्यालो नव्हतो," तो नळाकडे तोंड करूनच म्हणाला.

"नाही," नकल्या म्हणाला.

"मला सगळे म्हणाले, तू भ्यालास. म्हटलं असेन. मी माझ्या आत शोधायचो, कुठे आहे ती भीती. सापडायची नाही. तर वाटायचं, एवढी खोल आहे की दिसतसुद्धा नाही." तो वळला. "आणि तू. दर आठवड्याला इथे बसून, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. भीती कुणाला नसते."

जगातल्या इतक्या माणसांचे अंग नकल्याला येत होते, पण त्या वेळी हातांचे काय करावे ते एकाचेही आठवेना.

"चुकलो," तो म्हणाला. "खांद्यापेक्षा ते जास्त चुकलो."

"जा तू आता."

तो गेला. कपड्यांना पुठ्ठ्याचा भुसा लागला होता, तो त्याने झटकला नाही.

खांबाच्या मनातला राग साठून राहिलेला होता आणि त्याला न्याय्य ठिकाण पहिल्यांदाच मिळाले होते; तो लगेच कसा सोडील? नकल्या टायरच्या दुकानाकडे फिरकला नाही, आणि खांबाने बोलावले नाही. हॉलमध्येही तो गेला नाही. भाचीला निरोप पाठवला, की माझ्यासमोर सराव करू नकोस, तुझाही हात बिघडेल. त्या दिवसांत त्याच्या गिऱ्हाइकांना सोफे वेळेवर मिळाले. लोकांना काळजी वाटू लागली. एक बाई तर "तब्येत बरी आहे ना?" विचारायला मुद्दाम आली आणि जाताना दुसरी खुर्ची दुरुस्तीला टाकून गेली.

मग एका सकाळी बहीण आली. पर्स आपटली नाही. "चल," म्हणाली, "हॉलमध्ये."

"मी येत नाही आता तिथे."

"विचारलं नाही. चल म्हटलं."

हॉलमध्ये गादीवर भाची उभी होती, आणि तिच्यासमोर बाप. जुनी तंग बनियन, पोटावर ताणलेली. गुडघ्यांना पट्टे. तो वेणीवाली व्हायचा प्रयत्न करत होता, आणि त्याच्याइतका वाईट नट त्या गादीवर आजवर उतरला नसेल. ठेंगणी मुलगी व्हायला तो वाकला की वाकलेला खांब दिसायचा. झुकायच्या आधी तो घसा साफ करत होता. भाची ओठ चावून हसू दाबत होती, आणि डोळे मात्र तिचे भरलेले होते. पण त्याचे दोन्ही खांदे धड होते. पट काढताना दंड बरगडीला चिकटलेला राहत होता, फट पडत नव्हती. पहिल्या खेपेला भाचीचा हात जिथे जायला निघाला तिथे जागा नव्हती. तिने तो सोडला, पाय मागे फेकले आणि सगळा भार बापाच्या पाठीवर टाकला. बाप पालथा झाला आणि गादीला गाल टेकून म्हणाला, "हां. हे."

नकल्या भिंतीलगतच्या बाकावर, अगदी टोकाला बसला. खांबाने त्याला पाहिले. दोनदा पुन्हा झुकला, दोनदा चुकीचा पाय पुढे टाकला. तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि बाकाकडे न बघता, समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाला, "ती पोरगी आधी कुठला पाय हलवते?"

नकल्या ताडकन उठला. त्याचे अंग वेणीवालीच्या डौलात वळलेच होते.

"बस खाली!" खांब गरजला. "अंगाने नको. तोंडाने सांग."

नकल्या बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, म्हणजे ते मध्ये बोलणार नाहीत. आयुष्यात त्याने कुणाची चाल शब्दांत सांगितली नव्हती. करून दाखवली होती. कुठून सुरुवात करायची तेच कळेना.

"आधी पाय नाही हलवत ती," तो चाचरत म्हणाला. "आधी श्वास धरते."

"मग?"

"मग डावा. थोडासाच, बाहेरच्या बाजूला. टाच नाही टेकवत."

खांबाने श्वास धरला. डावा पाय थोडासा बाहेर टाकला. टाच टेकलीच.

"टेकली," नकल्या म्हणाला.

"दिसतंय मला," खांब म्हणाला, आणि पाय उचलून पुन्हा ठेवला.